राजधानीची प्रदक्षिणा

आमच्या पेडणे महालातील मनुष्य पणजीस जातो तो बहुधा कामासाठीच. कोणाचा दाखला अडलेला असतो, कोणाचा मुंडकारीचा अर्ज पडून असतो, कोणाची कोर्टात तारीख असते. काम आटोपले की पहिली मिळेल ती बस धरून त्याने दिवेलागणीच्या आत घर गाठावयाचे, अशी पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट आहे. पणजी ही पाहावयाची वस्तू आहे हे त्याच्या गावीही नसते. प्रस्तुत लेखक पेशाने वकील. आल्तिनोच्या टेकडीवर, जुन्या लायसियमच्या आवारात उच्च न्यायालय भरत असे, तोवर त्याचीही तऱ्हा याहून निराळी नव्हती. टेकडी चढावी, युक्तिवाद करावा, टेकडी उतरावी. वाटेत कोणते झाड आहे आणि कोणता पुतळा आहे, याची नोंद मनाने कधी घेतलीच नाही.

२०२१ साली न्यायालय मांडवीपलीकडे पर्वरीस गेले. विधानसभा तर २००० सालीच गेली होती, आणि सचिवालयही तिकडेच आहे. आता पणजीस जावयाचे कारण उरले नाही, आणि कारण उरले नाही म्हणूनच मी पणजी पाहू लागलो. बेतीस फेरीबोटीत बसावे, नदी ओलांडावी आणि दोन-तीन तास पायी हिंडावे, असा परिपाठ गेली काही वर्षे चालू आहे. हिंडता हिंडता एक प्रश्न मनात घर करून बसला. ज्या नगरातून राज्यकारभार उठून गेला, ते नगर राजधानी कशाच्या जोरावर? कागदोपत्री ते राजधानी आहेच. १८४३ साली पोर्तुगीज राजाज्ञेने त्यास ‘नोव्हा गोवा’ हे नाव आणि राजधानीचा दर्जा मिळाला, आणि तो पुढील राजवटीनेही कायम ठेवला. पण कागद हा हक्काचा पुरावा झाला. ताबा कशाने सिद्ध होतो? मला असे वाटते की तो आता केवळ स्मृतीने सिद्ध होतो. पणजीतील पुतळे, स्तंभ, बागा आणि देवळे हीच तिची उरलेली सत्ता. तेव्हा ती कशी सांभाळली जाते याची चिकित्सा ग्रंथाच्या चिकित्सेइतक्याच गंभीरपणे झाली पाहिजे.

अशा चिकित्सेसाठी मी वकिलाची जुनी कसोटी वापरतो. एखादा दस्तऐवज पुढे आला म्हणजे आपण विचारतो: हा कोणी लिहून दिला, कोणाच्या नावे दिला, आणि आज त्याचा धनी कोण? स्मारकालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. पैकी पहिल्या दोहोंची उत्तरे इतिहासात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपणच द्यावयाचे असते.

फेरीबोटीतून उतरताच जो वाडा समोर येतो, त्यापासूनच आरंभ करू. हा आदिलशाही वाडा. विजापूरकरांचा हा नदीकाठचा किल्लेवजा प्रासाद १५१० साली आफोंस द आल्बुकेर्कच्या हाती गेला. जुने गोवे रोगराईने ओस पडू लागले तेव्हा, १७५९ साली, पोर्तुगीज विजरई येथे राहावयास आले. १९१८ साली गव्हर्नरांचा मुक्काम काबोस हलला तरी कारभार येथेच राहिला. १९६१ च्या १९ डिसेंबरला सकाळी भारतीय सैनिक बेतीहूनच नदी उतरून या काठावर आले, आणि पुढे मुक्त गोव्याची विधानसभाही याच भिंतींत भरली. एका वास्तूने सुलतानी, विजरई, लोकप्रतिनिधी असे तीन कारभार पाहिले. मला या वाड्याचे विशेष वाटते ते हे, की तो कोणाचेही स्मारक म्हणून बांधलेला नाही, आणि म्हणूनच तो सर्वांचे स्मारक झाला आहे. जो आला त्याने त्यात आपले बिऱ्हाड मांडले आणि मागच्याच्या भिंती वापरल्या. वापरातली वास्तू खोटे बोलत नाही.

वाड्याला लागूनच आबे फारियाचा पुतळा आहे. पणजीतील सर्व शिल्पांत याला मी निःशंकपणे पहिले स्थान देतो, आणि ते का, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जोझे कुश्तोदियु द फारिया हा बार्देशातील कांदोळीस १७५६ साली जन्मला. त्याच्या घराण्याचे मूळ कोलवाळच्या अनंत शेणई नावाच्या सारस्वत गृहस्थापाशी नेतात. धर्मगुरू होऊन तो युरोपात गेला. १७८७ च्या पिंटोंच्या कटाशी त्याचे व त्याच्या पित्याचे नाव जोडले गेले. त्या कटातील पंधरा जणांना पुढल्या वर्षी याच पणजीत देहान्त शासन झाले. फारिया पॅरिसला होता. तेथे त्याने संमोहनविद्येचे प्रयोग केले, तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि १८१९ साली तेथेच त्याचा अंत झाला. अलेक्झांडर द्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतील तुरुंगातला फारिया हा त्याच्यावरूनच घेतलेला. लिस्बनच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात प्रवचनास उभा असता त्याची वाचा बसली, आणि खाली बसलेल्या पित्याने आपल्या मातृभाषेत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ म्हणून धीर दिला, ही आख्यायिका तर गोव्यातील पोरासोरांनाही ठाऊक आहे.

हा पुतळा १९४५ साली मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला. बहुतेक पुतळे माणसाचा हुद्दा दाखवितात: घोडा, तलवार, हातातील ग्रंथ, छातीवरील पदके. कामतांनी हुद्दा बाजूस ठेवून कृती दाखविली. झग्यातील उंच पुरुष दोन्ही हात पसरून उभा आहे, आणि त्याच्या समोर एक स्त्री मागे कलंडून निद्रेच्या अधीन होत आहे. ती पडत आहे की तरंगत आहे हे क्षणभर कळत नाही. धातूमध्ये एक क्षण पकडला आहे, आणि त्याच्या आधीचा व नंतरचा क्षण पाहणाऱ्याने आपल्या मनात पुरा करावयाचा आहे. वाटेने जाणारा परका मनुष्यसुद्धा येथे थांबतो आणि ‘हे काय चालले आहे?’ असे विचारतो. स्मारकाने पाहणाऱ्यास प्रश्न विचारावयास लावले की त्याचे अर्धे काम झाले.

शिवाय आणखी एक गोष्ट. फारियाच्या काळी समजूत अशी होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव निघतो आणि तो समोरच्याला निद्रिस्त करतो. फारियाने ही समजूत मोडली. शक्ती माझ्या हातांत नाही, ती समोरच्याच्या मनात आहे, एकाग्रता त्याची आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. देवळात वाढलेल्या आपणांस हा सिद्धान्त परका वाटू नये. ‘भाव तेथे देव’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाषाण टाकीखाली देव होत नाही. प्राणप्रतिष्ठेने आणि रोजच्या पूजेने होतो. स्मारकांचेही तसेच आहे. दगडातून कोणताही द्रव निघत नाही. समाजाने मन एकाग्र केले तर स्मारक जागे राहते, नाहीतर कावळ्यांना बसावयाची एक सोय होते. ही गोष्ट हाती धरून पुढे चालू.

चर्चच्या चौकापाशी नगरपालिकेचे उद्यान आहे. त्याला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिला, आणि हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. बागेला वनस्पतींच्या अभ्यासकाचे नाव देणे यापेक्षा औचित्यपूर्ण काय असणार! परंतु या नावामागे जे दुःख आहे ते आपल्या वाचकांनी विशेषकरून जाणले पाहिजे. ओर्ता जन्माने यहुदी कुळातला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसली. १५६८ त तो निवर्तला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या न्यायासनाच्या भयाने आपल्या पूर्वजांनी रातोरात देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली, त्याच न्यायासनाने या पोर्तुगिजाच्या अस्थींनाही सोडले नाही. त्याच्या नावाची बाग ही म्हणून मला परक्याची वाटत नाही. तिच्यात त्याच्या ग्रंथात वर्णिलेली झाडे लावावीत, आणि प्रत्येकापाशी त्याचे मराठी, कोंकणी आणि शास्त्रीय नाव लिहावे. बागेला नाव शोभेल, आणि मुलांना झाडे कळतील.

याच उद्यानाच्या मध्यभागी एक उंच स्तंभ आहे. एकदा आमच्या थोरल्या काकांना, डिचोली महालातून महालक्ष्मीच्या दर्शनासाठी आले असता, मी येथे आणले. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अजून तीक्ष्ण. स्तंभावरच्या चार सिंहांना त्यांनी दोन्ही हात जोडले. मग पायथ्यापर्यंत नजर उतरवून मला विचारले, “शींव वयर बसयले तें बरें जालें. पूण खांबो कोणाचो?” मी वकिली उत्तर दिले, “काका, खांबो सरकाराचो.” ते हसले. “सरकार काल वेगळें आशिल्लें, आज वेगळें. खांबो तोच मरे?”

प्रश्न बिनतोड होता. हा खांब १८९८ साली उभारला गेला, वास्को द गामाच्या हिंदुस्थानातील आगमनास चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, आणि त्यावर गामाची अर्धप्रतिमा होती. मुक्तीनंतर ती काढून तेथे अशोकाचे सिंह बसविले गेले. मूर्ती बदलली, चौथरा तोच राहिला. काकांना हे तेथल्या दगडावर वाचावयास मिळाले नाही. मी सांगितले तेव्हा कळले. त्यांचे हात जोडणे मनापासूनचे होते, परंतु ज्या आसनापुढे ते जोडले त्याची हकीकत कोणी त्यांना सांगितली नव्हती.

मी स्पष्ट सांगतो, सिंह बसविले हे योग्यच झाले. स्वतंत्र देशाच्या बागेत जेत्याची प्रतिमा उंचावर ठेवून मुलांनी तिच्याखाली खेळावे हे शोभले नसते. आक्षेप आहे तो पद्धतीला. आम्हा वकिलांत दस्तऐवजातील दुरुस्तीचा एक नियम आहे. चुकीचा शब्द खरवडून काढावयाचा नाही. त्यावर एक रेघ मारावी, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, नवा शब्द वर लिहावा आणि समासात सही करावी. खरवडलेल्या कागदाकडे न्यायाधीश संशयाने पाहतात, मग नवा शब्द कितीही खरा असो. उद्यानातील सिंह हा खरा शब्द आहे, पण समासात सही नाही.

उलट उदाहरण जवळच आहे. आझाद मैदानावर पूर्वी आफोंस द आल्बुकेर्कचा पुतळा होता, आणि मैदानालाही त्याचेच नाव होते. त्या पुतळ्यावर छत्र म्हणून जो मंडप उभारला, त्याचे खांब जुन्या गोव्यातील दोमिनिकनांच्या पडक्या चर्चमधून आणलेले. मुक्तीनंतर पुतळा जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आला. ही दुरुस्ती मला निर्दोष वाटते. पुतळा फोडला नाही, नदीत टाकला नाही. पूजेच्या जागेवरून काढून पुराव्याच्या जागी ठेवला. पुढे १९८६ साली त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांच्या अस्थी मुंबईहून आणून या मैदानात ठेवण्यात आल्या. चांदोरच्या या पुरुषाने १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापिली, १९४६ च्या आंदोलनानंतर लष्करी न्यायालयापुढे उभे राहून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात कारावास भोगला, आणि १९५८ साली, मुक्तीस तीन वर्षे असता, मुंबईत देह ठेवला. जेत्याच्या छत्राखालची जागा मातृभूमीला परत आलेल्या पुत्राच्या अस्थींनी पवित्र झाली. नियतीचा याहून नेटका न्यायनिर्णय मी कोणत्याही कोर्टात वाचलेला नाही. मैदान मात्र पुष्कळदा केवळ सभा, धरणी आणि वाटसरूंच्या विसाव्याचे ठिकाण असते. अस्थी कोणाच्या, हे तेथे बसलेल्या दहांना विचारावे आणि कितीजण सांगतात ते पाहावे. मी विचारून पाहिले आहे. आकडा लिहीत नाही, कारण तो आपल्या सर्वांना लाजविणारा आहे.

रस्त्यांच्या नावांची गंमत जाता जाता नोंदवितो. पणजीत दोन रस्त्यांना तारखांची नावे आहेत. एक १८ जून मार्ग, १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली त्या दिवसाचा. दुसरा फोंताइन्हासकडील ३१ जानेवारी मार्ग. ही तारीख पोर्तुगालातील ओपोर्तो शहरी १८९१ साली झालेल्या गणतंत्रवादी उठावाची. दोन्ही तारखा जुलमाविरुद्ध उठलेल्या माणसांच्याच आहेत, आणि एकाच नगरात त्या नांदाव्यात यात मला गैर काही दिसत नाही. पण एकीवर बाजार भरतो, दुसरीवर प्रवासी रंगीत भिंतींपुढे आपली छायाचित्रे काढतात, आणि वर्ष कोणते हे कोणी विचारीत नाही.

आता महालक्ष्मीकडे वळू. दादा वैद्य मार्गावरील हे देवालय आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. तरी राजधानीच्या स्मारकांत मी त्याची गणना का करतो ते सांगतो. ही देवता मूळ ताळगावची. सोळाव्या शतकातील धर्मच्छळात ती पोर्तुगीज मुलखाबाहेर आमच्या डिचोली भागात आश्रयास गेली, आणि १८१८ च्या सुमारास पणजीत पुन्हा प्रतिष्ठित झाली. इन्क्विझिशन १८१२ साली बंद झाली होती. म्हणजे त्या न्यायासनाचे दार मिटल्यावर जेमतेम सहा वर्षांत, पोर्तुगीज सत्तेच्या डोळ्यांसमोर, हिंदूंच्या देवीची घंटा वाजू लागली. या देवळाएवढे मोठे विजयस्मारक पणजीत दुसरे नाही. आणि ते कसे आहे पाहा! त्यावर शत्रूचे नाव नाही, अपमानाची नोंद नाही, गर्जना नाही. रोज पहाटे दार उघडते, दिवा लागतो, आरती होते. मैदानातील स्मारकावर वर्षातून एकदोनदा पुष्पचक्र वाहतात आणि ते चार दिवसांत वाळते. फारियाचा सिद्धान्त येथे पुरा पटतो. एका ठिकाणी मन रोज एकाग्र होते, दुसऱ्या ठिकाणी सरकारी परिपत्रक आले म्हणजे.

तेथून कांपालकडे चालत गेले की श्वास मोकळा होतो. विजरई मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही दलदलीची जमीन भरून काढून रस्ते आखले. आज नगरातील सर्वांत दाट सावली येथे आहे. उद्यानात फ्रांसिस्कु लुईश गोम्स यांचा पुतळा आहे. नावेलीचे हे वैद्य, अर्थशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते, आणि १८६९ साली स्वदेशी परतताना समुद्रातच त्यांचा अंत झाला. वय अवघे चाळीस. त्यांच्या पुतळ्यापुढून मुले रोज धावतात, आणि हे मला आवडते. स्मारकाभोवती सावली आणि मुले असावीत. कुंपण घातलेले स्मारक लवकर म्हातारे होते. पलीकडे चार्ल्स कुरैय यांनी आखलेली कला अकादमी आहे. नदीकडे उघडी, भिंतीपेक्षा वाऱ्याला अधिक जागा देणारी. २०२३ च्या जुलैत, नूतनीकरण चालू असता, तिच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. सुदैवाने त्या वेळी तेथे कोणी नव्हते. एवढ्या मोठ्या वास्तुकाराची कृती ही देखील स्मारकच असते, आणि तिची डागडुजी म्हणजे जीर्णोद्धारच, ही जाण ठेवली पाहिजे असे वाटते.

शेवटी मिरामार. येथे वाळूच्या काठी भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. आम्हा पेडणेकरांना येथे उभे राहताना ऊर भरून येतो, कारण भाऊसाहेब १९११ साली पेडण्यासच जन्मले. १९६३ च्या २० डिसेंबरला ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि १९७३ च्या १२ ऑगस्टला पदावर असतानाच वारले. हे नियतकालिक मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही भाषांचे आहे, म्हणून येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. १९६७ च्या १६ जानेवारीच्या जनमत कौलात भाऊसाहेबांचा विलीनीकरणाचा पक्ष पडला. विलीनीकरणास १,३८,१७० मते, विरोधात १,७२,१९१, अंतर ३४,०२१. ज्या प्रदेशाचे वेगळे अस्तित्व त्यांना नको होते, त्याच प्रदेशाच्या राजधानीत त्यांची समाधी आहे, आणि तिजपुढे दोन्ही बाजूंचे लोक माथा टेकतात. त्याच वर्षी लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडून दिले होते! मतभेदाच्या पलीकडे जाऊन माणसाला मान देणारा हा समाज, ‘कोणाचा पुतळा ठेवावा आणि कोणाचा काढावा’ या वादात मात्र अधूनमधून तोल घालवितो, याचे मला आश्चर्य वाटते.

तो वाद अलीकडे पुन्हा कानी येतो. एक बाजू म्हणते, परकीय सत्तेच्या साऱ्या खुणा पुसून टाका. दुसरी बाजू त्या खुणांनाच गोव्याची ओळख मानून प्रवाशांना विकते. पहिल्या बाजूचा राग मला समजतो. ज्यांच्या कुळाची दैवते फोडली गेली त्यांनी शांत राहावे असे सांगणारा मी कोण? पण पुसणे हे कमकुवत बाजूचे लक्षण आहे. ज्याचा दावा खरा असतो त्याला पुरावा नष्ट करावा लागत नाही. तो पुरावा तोच जपतो, कारण अन्याय झाला हे त्याच पुराव्याने सिद्ध होते. दुसऱ्या बाजूला एवढेच सांगावेसे वाटते, की रंगीत खिडकी पाहताना तिच्यामागची हाडे विसरणे हा देखील पुरावा नष्ट करण्याचाच एक प्रकार आहे.

आणि दोष काय फक्त नगरपालिकेचा आणि सरकारचा? आपल्या घरचे पाहू. आमच्या महालांत कितीतरी देवळांचा ‘जीर्णोद्धार’ गेल्या काही दशकांत झाला. लाकडी कोरीव खांब उतरविले, जांभ्या दगडाच्या भिंती पाडल्या, कावीची चित्रे चुन्याखाली गेली, आणि त्या जागी गुळगुळीत फरशी आणि संगमरवर आले. मी स्वतः एका देवस्थानच्या समितीवर असताना अशा एका ठरावास संमती दिली आहे. जुने लाकूड वाळवीने खाल्ले होते हे खरे, पण जुन्याचे साधे छायाचित्रही आम्ही काढून ठेविले नाही. नव्या भिंतीवर मात्र देणगीदारांची नावे आणि रकमा ठळक अक्षरांत आहेत. पुढे एखादा नातू विचारील, ‘खांबो कोणाचो?’ आणि त्याला आमच्या देणगीची रक्कम तेवढी वाचावयास मिळेल.

कसे करावे याचा आदर्श दूर शोधावयास नको. डिचोली महालात नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. दिवाडी बेटावरील मूळ मंदिर पोर्तुगिजांनी पाडले, देव नदी ओलांडून नार्व्यास आला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी देवालय नव्याने बांधविले. तेथील शिलालेख लहानसा आहे. देवाचे नाव, शक १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, आणि शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, एवढेच. ज्या राजाला बिरुदांची वाण नव्हती त्याने एकही बिरुद कोरविले नाही. शत्रूला शिवी नाही, स्वतःची स्तुती नाही. तारीख आणि काम. दस्तऐवज म्हणून पाहिला तर यात काढावयास एक शब्द नाही आणि घालावयासही नाही. आणि त्यात ‘प्रारंभ’ हा शब्द आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. काम पुरे झाल्याचा डांगोरा नाही, काम सुरू केल्याची नोंद आहे. पुढचे पुढच्यांनी करावे. अलीकडे, २०२३ साली, या देवालयाच्या जतनाचे काम पुरे झाले, तेही जुन्याचे रूप राखून. करावयाचे ठरविले तर जमते, याचा हा पुरावा.

तेव्हा राजधानीविषयी माझे मागणे मोठे नाही. नवे पुतळे नकोत. जे आहे त्यापाशी नार्व्याच्या धर्तीवर चार ओळी मराठीत आणि कोंकणीत कोराव्यात: येथे काय होते, कोणी उभारले, केव्हा बदलले, आता काय आहे. ही समासातील सही. आमच्या पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवीस १९५५ च्या १५ ऑगस्टला कर्नैलसिंग आणि इतर सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले. त्यांचे स्मारक तेथे आहे. पण राजधानीत बसून राज्य उपभोगणाऱ्यांना त्या सीमेची आठवण राहावी म्हणून आझाद मैदानात त्या गावाचे नाव तरी ठळक असावे. आणि आपल्या देवस्थानांनी प्रत्येक जीर्णोद्धाराआधी जुन्याची नोंद करून ती देवळातच ठेवावी. यास फारसा खर्च नाही. मन एकाग्र करावे लागेल, एवढेच.

गेल्या वर्षी काका वारले. त्यानंतर एकदा मी त्यांच्या नातवाला, दहा वर्षांच्या पोराला, त्याच उद्यानात नेले. त्याने सिंहांकडे पाहिले, हात जोडले नाहीत, पण विचारले, “खाला कितें आशिल्लें?” मी बाकावर बसून त्याला सारी कथा सांगितली: गामाची, सिंहांची, आणि ज्याच्या अस्थी जाळल्या त्या वैद्याचीही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग झाडाखाली खेळावयास गेला. परतीच्या फेरीबोटीत मात्र त्याने आपण होऊन विचारले, की हे सगळे तेथे लिहिलेले का नाही. त्याला द्यावयास माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून हा लेख लिहिला.